कै. ताराबाई मोडक आणि त्यांची कुरणशाळा

भगिनींनो, आपल्या मंडळाची बालवाडी आपण रोज पाहतो. पोरे येतात, गाणी म्हणतात, खाऊ खाऊन घरी जातात. ही बालवाडी गरिबाच्या दारापर्यंत नेण्यासाठी कोणी हाडाची काडे केली, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. वाचनालयातून ताराबाई मोडकांचे चरित्र आणले आणि दुपारची कामे आटोपली की थोडे थोडे वाचले. स्मरणिकेसाठी लिहा असा अध्यक्षीणबाईंचा आग्रह झाला, तेव्हा दुसरे नाव मनात आलेच नाही. शिक्षण माझे सातवीपर्यंत. चूकभूल पोटात घालावी.

ताराबाई माहेरच्या केळकर. जन्म मुंबईचा, १९ एप्रिल १८९२ चा. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजातले, सुधारक विचारांचे, त्यामुळे मुलीच्या शिकण्याला घरात आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न झाले, पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास लहानग्या मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. आज तरी कुठे आहे? राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन कॉलेजच्या त्या मुख्य झाल्या. त्या खुर्चीवर भारतीय बाई प्रथमच बसली.

अशी मानाची नोकरी सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. तिथे मुलांना छडी नाही, दटावणी नाही; मूल आपल्या हातांनी करून शिकते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे मुंबईस येऊन १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केला. शाळा नावारूपाला आली. इथेच त्या थांबल्या असत्या तरी कोणी नाव ठेवले नसते. पण शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांचीच सोय होते आहे, माँटेसरीची महागडी साधने खेड्यातल्या पोराच्या हाती कधी पडणार, ही टोचणी त्यांना लागून राहिली.

म्हणून १९४५ च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळ समुद्रकाठी बोर्डी गावी आल्या. हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. सोबत अनुताई वाघ होत्या. त्या बालविधवा, ताराबाईंहून अठरा वर्षांनी लहान. बालवाडी तर मांडली, पण वस्तीतली गरीब मुले येईनात. तेव्हा या दोघी उठून त्यांच्या अंगणात गेल्या. आधी पोरांची नखे काढायची, केस विंचरायचे, तोंडे धुवायची, मग गाणी-गोष्टी. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. विकतच्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने. मोजायला शिंपला चालतो आणि तो फुकट मिळतो, हे आपल्यासारख्या बायकांना लगेच पटेल.

१९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली लोकांची वस्ती. मोठी माणसे मजुरीला जात, मुले गुरांमागे जात. हजेरीपटावर नाव असून उपयोग काय, पोर कुरणात! दुसरा कोणी असता तर आईबापांना दोष देऊन मोकळा झाला असता. ताराबाईंनी शाळाच कुरणात पाठवली. गुरे चरताहेत, आणि शिक्षक झाडाखाली मुलांना घेऊन बसला आहे. समोरचे गवत, पाखरे, किडे, दगड हाच धडा. मुळाक्षरे आणि हिशेबही तिथेच. ही कुरणशाळा. आज शाळांत पर्यावरण म्हणून पुस्तक असते. माझ्या मुलाने झाडाचे भाग त्यातून पाठ केले, पण दारचा करंज त्याला ओळखता येईना! त्या वारली पोरांना झाडे आधीपासून ठाऊक होती. ते ठाऊक असणे म्हणजेही विद्या, हे ताराबाईंनी मान्य केले.

मला सर्वांत भिडली ती त्यांची विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. कारण काय, तर धाकटे भावंड कडेवर घेऊन थोरली बहीण घरी राहते आणि तिची शाळा बुडते. बाळाला पाळणाघरात ठेवा, म्हणजे बहीण वर्गात बसेल. हे वाचले आणि पुस्तक मिटून बसले. सातवीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात आमचा धाकटा सहा महिन्यांचा होता आणि आई शेतावर जायची. आठवीचे नाव कोणी काढलेच नाही. आईचा दोष नाही, तिला दोनच हात होते. पण शाळेशेजारी पाळणा टांगता येतो, हे आमच्याकडे कुणाला सुचले नाही.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची बालविकास योजना निघाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. ते पाहायला त्या नव्हत्या. अनुताईंनी मात्र १९९२ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत कोसबाड सोडले नाही.

आपल्या बालवाडीच्या अंगणात फरशी घालण्याचा विषय येत्या बैठकीत आहे. चिखल होतो हे खरे, झाडणारीला त्रास होतो हेही खरे. तरी पेरूच्या झाडाखालची तेवढी माती उघडी ठेवा, असे मी म्हणणार आहे. तिथे मुंग्यांचे वारूळ आहे आणि पोरे रोज सकाळी आधी तिकडेच पळतात.