जात्यापाशी सापडलेली वाट

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. यजमान गेल्यापासून दोन वर्षे माझे कशातच मन लागत नव्हते. मग बहिणाबाई चौधरींची आठवण झाली आणि लिहायला बसले.

बहिणाबाईंचा जन्म 1880 साली जळगावजवळच्या असोदे गावी, महाजनांच्या शेतकरी घरात झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी लग्न होऊन त्या मोठ्या खटल्याच्या घरात आल्या. जेमतेम तिशीत वैधव्य आले. पदरी काशी, ओंकार आणि सोपान ही तीन मुले. त्यांतल्या ओंकारला प्लेगच्या दुखण्याने कायमचे अपंगत्व आले.

अशा वेळी माणूस दैवाला बोल लावतो, नाही तर मुका होतो. बहिणाबाई गात राहिल्या. पहाटे दळताना, चुलीपुढे, शेतात राबताना जे डोळ्यांपुढे येई, त्याचेच गाणे होई. सुगरणीचा खोपा, विहिरीवरची मोट, पेरणी, माहेर, ठायी न राहणारे मन, हे त्यांचे विषय. भाषाही घरचीच, खानदेशातली लेवा गणबोली. लिहिता येत नसल्याने त्यांचे मुलगे कवी सोपानदेव आणि एक आप्त यांनी जेवढे टिपून घेतले, तेवढेच उरले. बाकीचे जात्याच्या घरघरीबरोबर विरून गेले.

3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखविली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या बाईचे नाव विद्यापीठाला!

पण यातले काहीच त्यांनी पाहिले नाही. कौतुकाची वाट पाहत गायल्या असत्या, तर केव्हाच थांबल्या असत्या. रोजचे दळण चुकत नव्हते, म्हणून रोजचे गाणेही चुकले नाही. त्यातच त्यांना दुःख सोसण्याचे बळ मिळाले असेल, असे मला वाटते.

भगिनींनो, ती दोन वर्षे मी रांगोळीच्या डब्याला हात लावला नव्हता. मी कशाला काढायची आणि कोणासाठी, असे वाटे. हे चरित्र लिहू लागले त्या आठवड्यात एका सकाळी उंबऱ्यापुढे चार ठिपके मांडले. शेजारच्या सूनबाई जाता जाता थबकल्या, हसल्या. दुपारपर्यंत रांगोळी पुसलीही गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. आता सकाळी उठल्यावर दिवस कोठून सुरू करावा, हा प्रश्न मला पडत नाही.