जामखेडच्या डॉ. मेबल आरोळे

गावात दवाखाना बांधून मिळतो, पण त्या दवाखान्याचं काय चाललंय हे विचारायचा हक्क गावाला आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं? हा हक्क जामखेडच्या माळरानावर ज्यांनी प्रत्यक्षात आणून दाखवला, त्या डॉ. मेबल आरोळे यांची ही ओळख.

मेबलबाई मूळच्या जबलपूरच्या. जन्म १९३५ चा. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या. तिथेच डॉ. रजनीकांत आरोळे भेटले आणि १९६० साली दोघांचं लग्न झालं. पुढे वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना दोघांच्या एक गोष्ट ध्यानात आली. रोगी बरा होऊन घरी जातो अन् तेच घाण पाणी पिऊन पुन्हा खाटेवर येतो. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते १९७० मध्ये जामखेडला आले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला हा कायम दुष्काळी तालुका. सुरुवातीचा दवाखाना कुठं थाटला, तर जनावरांच्या जुन्या, बंद पडलेल्या दवाखान्यात!

त्यांनी लोकांना आधी विचारलं, तुमची गरज काय? लोकांनी औषध मागितलंच नाही. पाणी आणि अन्न मागितलं. १९७२ चा दुष्काळ तर तोंडावरच होता. डॉक्टर मंडळी कूपनलिका घेण्याच्या मागे लागली. आणि हातपंप बसवायची जागा दलित वस्तीत धरली. पाणी हवं असेल तर सगळ्या गावानं तिथं यायचं. हे त्या काळात सोपं नव्हतं, हे तुम्हाला सांगायला नको.

गावोगावी शेतकरी मंडळं उभी राहिली. जातीपातीची माणसं एकत्र बसत नव्हती, म्हणून आधी व्हॉलीबॉलचा खेळ सुरू केला. खेळता खेळता बोलणी सुरू झाली. मग याच मंडळांनी घरोघर पाहणी केली, लहान मुलांची वजनं घेतली, आपल्या गावात कोणता आजार किती आहे हे स्वतः मोजलं. माझ्या मते खरं काम इथं झालं. विस्ताराच्या कामात आम्हीही हेच पाहतो, की शेतकऱ्याला न विचारता बांधावर नेलेली योजना कागदावरच राहते.

बाहेरून नेमलेल्या परिचारिका गावात टिकेनात. तेव्हा गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची असं ठरलं. निवडलेल्या बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित, काही परित्यक्ता. त्यांना शिकवण्यात मेबलबाईंचा मोठा वाटा होता. दर आठवड्याला या बाया जामखेडला मुक्कामी येत, एका पंगतीत जेवत, शेजारी शेजारी झोपत. बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, क्षय आणि कुष्ठरोगाची ओळख, हे सारं त्या शिकल्या. पुढे महिला मंडळंही त्यांनीच बांधली.

फळ काय मिळालं? १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ सालीच या प्रयोगाची दखल पुस्तकातून घेतली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मेबलबाई सप्टेंबर १९९९ मध्ये वारल्या. त्यांच्यानंतर सहा वर्षांनी, २००५ साली, सरकारनं देशभर आशा नेमायचं ठरवलं. आशा त्याच गावची असावी, तिच्या निवडीत ग्रामसभेचा शब्द असावा, असा नियम आहे. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिच्याकडे खर्चाला निधीही येतो. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी या समितीची बैठक शेवटची कधी झाली ते इतिवृत्ताच्या वहीत बघावं, आणि पुढच्या ग्रामसभेत तो हिशेब वाचून दाखवावा.