समितीच्या टेबलावरचे बाबासाहेब

बाबासाहेबांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर महाड येते, काळाराम मंदिर येते, नागपूरची दीक्षाभूमी येते. समितीच्या बैठकीत कागद चाळत बसलेले बाबासाहेब मात्र आपल्याला फारसे आठवत नाहीत. त्यांच्या आयुष्यातली तीस वर्षे त्या टेबलावरही गेली.

सुरुवात 1919 ची. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांची बाजू मांडली. वय अवघे सत्तावीस, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. 1927 मध्ये ते मुंबई विधिमंडळात सरकारनियुक्त सदस्य म्हणून बसू लागले. पुढच्याच वर्षी सायमन कमिशनला साहाय्य करणाऱ्या प्रांतिक समितीवर त्यांची निवड झाली. समितीच्या बहुमताचा अहवाल त्यांना पटला नाही. त्यांनी त्यावर सही केली नाही आणि मे 1929 मध्ये आपला स्वतंत्र अहवाल सादर केला. त्यात त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला होता.

त्याच काळात मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब सदस्य होते. सदस्यांनी प्रांतभर दौरे केले. 1929 मध्ये खानदेशचे काम आटोपून परतताना, धुळ्याच्या वाटेवरील एका गावात आपल्या लोकांवर पडलेल्या बहिष्काराची चौकशी करायला ते गेले. तिथून चाळीसगावला उतरले. स्टेशनवर एकही टांगेवाला त्यांना बसवायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या मोरीत चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर आपटले, पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा नदीत कोसळला.

सरकारी समितीचा सदस्य, बॅरिस्टर, विधिमंडळाचा सभासद. आणि बहिष्काराची चौकशी करून येताना त्याच्याच वाट्याला बहिष्कार. आपल्याला हा प्रसंग माहीत असतो, पण तो समितीच्या कामावर असताना घडला हे आपण विसरतो. बाबासाहेबांनी काम सोडले नाही. मार्च 1930 मध्ये समितीचा अहवाल आला. शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, नोकऱ्या यांच्या शिफारशी त्यात होत्या. पुढे मुंबई सरकारने मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र खाते सुरू केले. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा ज्या वसतिगृह-शिष्यवृत्तीच्या वाटेने शिकले, तिची एक पायवाट या अहवालातून निघते.

29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. सात सदस्यांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणाचे निधन झाले, कोणी इतर कामांत गुंतले. भार मुख्यतः त्यांच्यावर आला, तोही प्रकृती खालावलेली असताना. मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी 2,473 सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बाबासाहेब कलमामागून कलम उत्तरे देत राहिले. 26 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान स्वीकारले गेले.

मित्रहो, आपण मोर्चे काढतो, ते काढलेच पाहिजेत. पण अॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. आपल्या जिल्ह्यातली शेवटची बैठक कधी झाली? इतिवृत्तात काय लिहिले गेले? किती पीडितांना अर्थसहाय्य मिळाले? हे विचारणारे आपल्यात किती जण आहेत? माहिती अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात.

बाबासाहेबांनी मोडलेल्या पायानेही समितीचे काम पूर्ण केले. आपण निदान इतिवृत्ताची प्रत मागू या.

जय भीम!