एपवर्थच्या घरातली शाळा

सिकंदराबादेस जाता-येता शाळेच्या पाटीवर वेस्ली हे नाव मी लहानपणापासून वाचीत आलो. मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचे ते नाव, एवढेच पुष्कळ दिवस ठाऊक होते. पुढे त्यांच्या मातोश्रींचे चरित्र वाचनात आले आणि वाटले, शाळेला शोभणारे नाव खरे तर या बाईंचे.

घरच्या शाळेचे मोल आमच्या हैदराबादेतल्या जुन्या मराठी घरांना सांगावे लागत नाही. निजामी अमदानीत शाळेत उर्दू आणि घरी मराठी, असेच आमच्या अनेक वडीलधाऱ्यांचे शिक्षण झाले. माझ्या वडिलांना मराठी अक्षरे शिकविली ती आजीने, स्वयंपाकघरात, पोथीच्या पानावरून. म्हणून सुझाना वेस्ली ही इंग्लंडातली बाई मला फारशी परकी वाटली नाही.

सुझानाबाईंचा जन्म 1669 साली लंडनला झाला. वडील डॉ. सॅम्युएल अ‍ॅनस्ली हे राजमान्य चर्चपासून फारकत घेतलेल्या पंथाचे नामांकित धर्मोपदेशक. त्यांच्या पंचवीस अपत्यांतले हे शेंडेफळ. घरात विद्वानांची ये-जा असे, वाद चालत, आणि ही मुलगी ते ऐकत असे. तिने दोन्ही बाजूंचा स्वतः विचार केला आणि वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास वडिलांचा पंथ सोडून राजमान्य चर्चचा स्वीकार केला. ज्या मताखातर वडिलांनी आपली जागा गमावली, तेच मत मुलीने नाकारले! तरीही वडिलांनी तिला तोडले नाही. पुढच्या साऱ्या कथेचे बीज मला या प्रसंगात दिसते.

1688 साली सॅम्युएल वेस्ली या धर्मोपदेशकाशी त्यांचा विवाह झाला. लिंकनशायर परगण्यातल्या एपवर्थ या आडगावी संसार थाटला. एकोणीस मुले झाली, त्यांतली नऊ तान्हेपणीच गेली. मिळकत अपुरी आणि कर्ज मात्र फार. 1705 साली कर्जापायी यजमानांना तुरुंगही पाहावा लागला. अशा घरात बाईंनी शाळा चालविली. सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच, असे रोज सहा तास.

मूल पाच वर्षांचे झाले की दुसऱ्या दिवशी त्याला मुळाक्षरे शिकवावयाची. त्या दिवशी घरात दुसरी गडबड नाही. बहुतेक मुलांना एक दिवस पुरला, दोघींना दीड लागला. मग बालबोध पुस्तक नाहीच, एकदम बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकाची पहिली ओळ. एकेक शब्द सोडवीत मूल स्वतः वाचू लागे. मुलींसाठी एक खास नियम होता: चांगले वाचता येईपर्यंत कोणत्याही मुलीला घरकामास जुंपावयाचे नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी हा नियम करणे सोपे नव्हते.

शिस्त मात्र कडक होती. मुलाचा हट्ट लहानपणीच मोडला पाहिजे, असे त्यांचे मत. वर्षाचे मूलसुद्धा मोठ्याने रडावयाचे नाही. आजच्या आईला हे पटणार नाही, आणि मलाही पटत नाही. परंतु त्यांची गोष्ट येथेच संपत नाही.

1709 साली राहते घर जळाले. पाच वर्षांच्या जॉनला लोकांनी वरच्या खिडकीतून कसेबसे बाहेर काढले. घर पुन्हा उभे राहीपर्यंत मुले वेगवेगळ्या घरी विखुरली आणि शिस्तही विस्कटली. ती परत आल्यावर बाईंनी एक नवा परिपाठ सुरू केला. आठवड्याची एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून ठेवली. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. त्या वेळी धडा घ्यावयाचा नाही, तर मुलाच्या मनात काय चालले आहे, कोणती शंका आहे, ते ऐकावयाचे. पुढे ऑक्सफर्डला नावारूपास आलेल्या जॉनला त्या गुरुवारच्या संध्याकाळींची ओढ वाटतच राहिली. हट्ट मोडणाऱ्या या आईने मुलांची विचारशक्ती मात्र मोडली नाही, ती या संध्याकाळींमुळे, असे मला वाटते.

1711-12 च्या हिवाळ्यात यजमान लंडनला होते. रविवारी संध्याकाळी मुलांसाठी घरात चालणाऱ्या वाचनाला शेजारी येऊ लागले. होता होता दोनशे माणसे जमली. यजमानांनी पत्र पाठवून हे थांबवावे असे सुचविले. बाईंनी उलट कळविले, की सूचना पुरे नाही. स्पष्ट आज्ञा करा आणि देवापुढे तिची जबाबदारीही तुम्हीच घ्या. आज्ञा आली नाही!

पण या शाळेला एक दुखरी बाजूही आहे. मुलगे पुढे लंडनच्या शाळांत आणि ऑक्सफर्डला गेले. मुलींना तसे दार कोठेच नव्हते. त्यांतली हेटी आठव्या वर्षी ग्रीक वाचू लागली होती, कविता करीत होती. तिच्या हातून एक चूक घडताच वडिलांनी तिचे लग्न घाईने एका नळकाम करणाऱ्या कारागिराशी लावून दिले आणि पुढे तिच्याकडे पाठ फिरविली. तो संसार दुःखाचा झाला. अ‍ॅनस्ली यांनी दाखविलेले औदार्य हेटीच्या वाट्यास आले नाही. मुलाला स्वतःच्या बुद्धीने चालावयास शिकविणे हे अर्धेच काम. ते आपल्याला न रुचणाऱ्या वाटेने गेले तरी त्याचा हात न सोडणे, हे उरलेले अर्धे.

यजमान 1735 साली वारले. म्हातारपणी बाई लंडनला जॉनपाशी, जुन्या तोफखान्याच्या इमारतीत राहिल्या. तेथे मॅक्सफील्ड नावाचा, दीक्षा न घेतलेला तरुण प्रवचन करू लागला. जॉन संतापून त्याला थांबविण्यास धावत आले. आईने सांगितले, आधी ऐक, मग ठरव. जॉनने ऐकले आणि मत बदलले. सामान्य माणसांना उपदेशक नेमण्याची मेथॉडिस्टांची प्रथा रुजली, तिला या सल्ल्याचा मोठा आधार झाला.

23 जुलै 1742 रोजी सुझानाबाई निवर्तल्या. लंडनच्या बनहिल फील्ड्स येथे त्यांचे दफन झाले.

आमच्या आजीला यांतले काही ठाऊक नव्हते. पण वडील अक्षर लावून वाचू लागले, तेव्हा तिने पोथी त्यांच्या हाती दिली आणि आपण ऐकावयास बसली. सुझानाबाईंचे चरित्र मिटताना मला तीच आठवली.