लोहाराचा मुलगा आणि सोन्याचा वर्ख

मिठाईवरचा वर्ख हलकेच सोडवून उजेडात धरायची मला लहानपणी खोड होती. त्यापायी मारही खाल्ला आहे. पुढे मायकेल फॅराडेचे चरित्र वाचताना कळले, की वयाच्या पासष्टीला हा थोर माणूसही तेच करीत होता. त्याचा वर्ख मात्र सोन्याचा होता.

१७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी तो जन्मला. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकेच वाचत सुटला. हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची टिपणे बांधून त्याने डेव्हीलाच पाठवली. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून त्याची वर्णी लागली. विजेचे शोध पाठ्यपुस्तकांत आहेतच; मला ओढ आहे ती त्याच्या दोन आडवाटेच्या प्रयोगांची.

१८३३ मध्ये त्याने सिल्व्हर सल्फाइड दिव्यावर तापवले. धातू तापला की त्यातून वीज कमी वाहते. इथे ती जास्त वाहू लागली. अर्धवाहकाचे हे पहिले दर्शन!

दुसरा प्रयोग सोन्याचा. इंचाच्या सुमारे २ लाख ८२ हजाराव्या भागाइतका पातळ वर्ख उजेडात धरला की हिरवा दिसतो. फॅराडेने तो काचेवर ठेवून तापवला. सोने वितळण्याच्या कितीतरी आधीच झळाळी गेली, हिरवा रंगही गेला. मग त्यावर अकीक दाबून घासला, तर हिरवा रंग परत हजर! आज आपण सांगू शकतो, की आचेने पातळ थर आकसून त्याची सूक्ष्म बेटे होतात. फॅराडेपाशी ती बेटे पाहण्याचे साधन नव्हते. त्यात स्मरणशक्ती दगा देऊ लागलेली. क्रमांक घालून लिहिलेल्या रोजनिशीच्या आधाराने तो चिकाटीने काम करीत राहिला आणि फेब्रुवारी १८५७ मध्ये ते सारे रॉयल सोसायटीपुढे मांडले.

या दोन वाटा पुढे एकत्र आल्या. अलेक्सी एकिमोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने कॉपर क्लोराइड घातलेली काच ५०० ते ७०० अंशांवर १ ते ९६ तास तापवली. आचेप्रमाणे त्या अर्धवाहकाचे स्फटिक २ ते ३० नॅनोमीटरचे झाले आणि आकाराप्रमाणे काचेने प्रकाश शोषण्याची तऱ्हा बदलली. २०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. आता अशा कणांचे पातळ थर देतात, तेव्हाही सारी मदार आचेवरच. बेताची आच दिली की कणांभोवतीचे सेंद्रिय रेणू निघून जातात, कण जवळ येतात आणि वीज सुलभ वाहते. आच जास्त झाली, की कण एकमेकांत मिसळतात आणि आकारातून आलेला रंग हरवतो.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरी, खुर्चीत बसल्या बसल्या फॅराडे गेला. सोन्याच्या सूक्ष्म कणांनी लाल झालेल्या त्याच्या द्रवांच्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनने जपून ठेवल्या आहेत.