पंडिता रमाबाई : भाषा, प्रवास आणि पानातलं अन्न



आपल्या वर्गात अधूनमधून एखादं परप्रांतातलं मूल येतं. कधी चिरेखाणीवर कामाला आलेल्या कानडी कुटुंबातलं, कधी आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातलं. ते बोलत नाही, म्हणून आपण म्हणतो, याला मराठी येत नाही. पण डबा खाताना ते कुठे बसतं, हे आपण क्वचितच पाहतो. भाषा शिकणं आणि जेवणाच्या रीतीभाती यांचा संबंध किती जवळचा आहे, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून चांगलं समजतं. शिवाय या चरित्राचा एक धागा थेट आपल्या देवरूखपर्यंत येतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. हा भाग कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, त्यामुळे त्या काळी बराच वाद झाला. पुढे त्याच आईने रमाबाईंना संस्कृत शिकवलं. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघालं आणि मग वर्षानुवर्षं गावोगाव पुराण सांगत फिरत राहिलं.

शिक्षकांनी इथे थोडं थांबून विचार करावा. संस्कृत रमाबाईंना पाठांतराने आली. बारा-तेरा वर्षांच्या वयात भागवताचे हजारो श्लोक त्यांना तोंडपाठ होते. मराठीचा मात्र त्यांना कोणी धडा दिला नाही. आजूबाजूला कानडी असली तरी घरात आईवडील शुद्ध मराठी बोलत. ती ऐकून आणि वर्तमानपत्रं वाचून त्यांची मराठी तयार झाली. कानडी, हिंदी आणि बंगाली या भाषा त्यांनी प्रवासातच उचलल्या. मुक्काम करायचा, शिधा मागायचा, लोकांशी बोलायचं, म्हणजे तिथली भाषा यायलाच हवी. गरज हीच त्यांची शाळा होती.

पण हा प्रवास सुखाचा नव्हता. दुष्काळात कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. १८७४ च्या सुमारास आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी उत्तरेकडे निघाले. कधी मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाबरोबर खायचं, असे दिवस त्यांनी काढले. १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषाही वेगळी. १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही झाली नव्हती. तिला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. आयुष्यभर घरात मराठी बोलणाऱ्या या बाई महाराष्ट्रात राहायला आल्या त्या अशा, चोविसाव्या वर्षी.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या मठात राहिल्या. भारतात येणाऱ्या तिथल्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवायची आणि त्या बदल्यात आपण इंग्रजी शिकायची, अशी देवाणघेवाण होती. म्हणजे त्या विद्यार्थिनीही होत्या आणि शिक्षिकाही. त्यांना कमी ऐकू यायचं. त्यामुळे डॉक्टर व्हायचं स्वप्न सोडावं लागलं, तरी भाषा त्यांनी सोडली नाही. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि तिथे त्यांनी संस्कृतही शिकवलं.

तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण मांसमच्छी त्यांनी खाल्ली नाही. धर्म बदलला तरी जेवणाची जुनी सवय त्यांनी राखली. मठातल्या काही भगिनींना हे पटत नसे, हा जुन्या जातीचा अभिमान आहे असं त्यांना वाटे. रमाबाईंचं म्हणणं असं की आपण काय खावं हे आपणच ठरवावं. इंग्रजी शिकायची तर इंग्रजी जेवणही जेवलंच पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हतं.

या अनुभवाचा उपयोग त्यांनी पुढे केला. अमेरिकेत त्यांनी बालवाडीची पद्धत अभ्यासली आणि मराठी वाचनपुस्तकांची तयारी केली. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. संस्थेच्या प्रमुख स्वतः ख्रिस्ती, पण ब्राह्मण मुलींना आपले सोवळ्याओवळ्याचे नियम पाळता यावेत म्हणून स्वयंपाकाची वेगळी सोय ठेवली. ती नसती तर त्या काळी कोणत्याही घराने आपली विधवा मुलगी तिथे पाठवली नसती. पाटीपेन्सिल हातात यायची तर आधी जेवणाचा प्रश्न सुटायला हवा होता.

या सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. त्यांचं माहेर देवरूखचे जोशी. आठव्या वर्षी वैधव्य आलेलं. भाऊ नरहरपंत मुंबईत होते, त्यांच्यामुळे गोदूबाई सदनात आल्या आणि विशी उलटल्यावर शिकू लागल्या. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. याच आपल्या बाया कर्वे. या लग्नामुळे कर्व्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला. तेव्हा बहिष्कार म्हणजे काय? पंगतीत पान मांडायचं नाही. माणसाला आपलं म्हणायचं की नाही, हे जेवणावरूनच ठरत असे.

त्याच वर्षी शारदा सदनावरही मोठं वादळ आलं. मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, धर्मांतराकडे वळतात, असा आक्षेप घेतला गेला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. पालकांचा विश्वास उडाला की शाळा चालत नाही, मग शिक्षण कितीही चांगलं असो.

पुढे केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून अनाथ मुली तिथे आल्या. कोणाची हिंदी, कोणाची गुजराती. त्यांना आधी पोटभर जेवण मिळालं, मग शिक्षण. अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं. ते संस्थेतल्याच छापखान्यात छापलं गेलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं. मनोरमा त्यांच्या आधी काही महिने गेली होती.

मित्रांनो, रमाबाईंच्या धर्मनिर्णयाबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असू शकेल. शिक्षक म्हणून आपण एवढं तरी घेऊया. नव्या मुलाला मराठीचा पहिला धडा देण्याआधी त्याच्या घरी भाकरीला, भाताला, मिठाला काय म्हणतात ते विचारूया. ते शब्द फळ्यावर मराठी शब्दांशेजारी लिहूया. डब्यात काय आहे यावरून कोणी नाक मुरडत असेल तर तिथेच थांबवूया. उपास असेल, एखादा पदार्थ चालत नसेल, तर त्याची थट्टा होऊ देऊ नये. पालकांनीही घरी मुलांना हे सांगावं. डबा उघडताना ज्याला लाज वाटत नाही, ते मूल तोंड उघडायलाही फार दिवस लावत नाही.