वडिलांनी गवत कापायच्या मशीनचं इंजिन लावून गाडी दिली, पोरगं तीनदा फॉर्म्युला वन चॅम्पियन झालं

चंद्रपूर-बल्लारपूरकडं इंजिनिअरिंगला असलेला एखादा मित्र तुम्हाला असेल, तर त्याच्या ग्रुपचा गो-कार्टचा प्रोजेक्ट तुम्ही बघितला असेल. पाइप वाकवायचे, वेल्डिंग मारायचं, बाइकचं जुनं इंजिन बसवायचं आणि ग्राउंडवर दोन चकरा मारून रील टाकायची. व्हायवा झाला की गाडी वर्कशॉपच्या मागं धूळ खात पडते.

अशाच एका घरी बनवलेल्या गाडीवरून आयर्टन सेना नावाचं पोरगं सुरू झालं होतं.

२१ मार्च १९६० ला ब्राझीलच्या साओ पावलो शहरात त्याचा जन्म झाला. वडील मिल्टन दा सिल्वा यांचा गाड्यांचे पार्ट बनवायचा कारखाना होता, शेतीही होती. लहानपणी हे पोरगं चालताना सारखं धडपडायचं, पण गाडीचं खेळणं हातात आलं की शांत. चार वर्षांचा झाल्यावर वडिलांनी त्याला एक छोटी कार्ट करून दिली. तिला गवत कापायच्या मशीनचं एक हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. आपल्याकडं धानाच्या बांध्यात पाठीवरचा पेट्रोल पंप घेऊन फवारणी करतात ना, साधारण तेवढीच त्याची ताकद.

यात नवल काही नव्हतं. गो-कार्टचा जन्मच तसा झालाय. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या रेसिंग कार बनवणाऱ्या माणसानं पाइपच्या सांगाड्यावर असलंच इंजिन बसवलं आणि जगातली पहिली कार्ट तयार झाली.

ब्राझीलमध्ये १३ वर्षांच्या आत रेस खेळायची परवानगी नव्हती. म्हणजे नऊ वर्षं पोरानं नुसता सराव केला. १ जुलै १९७३ ला इंटरलागोसच्या ट्रॅकवर त्याची पहिली रेस झाली. कोण कुठून सुटणार हे ठरवायला हेल्मेटमध्ये चिठ्ठ्या टाकल्या होत्या. सगळ्यांत लहान असलेल्या आयर्टननं एक नंबरची चिठ्ठी काढली. वजनानं हलका असल्यामुळं सरळ रस्त्यावर त्याला कोणी गाठेना. शेवटचे काही लॅप राहिले असताना मागच्यानं धडक दिली आणि गडी ट्रॅकच्या बाहेर गेला.

आता कार्ट कशी चालते ते थोडं समजून घेऊ, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे. कार्टला सस्पेन्शन नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच सरळ धुऱ्यावर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळं वळणावरही दोन्ही सारख्याच वेगानं फिरतात. वळताना आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच गाडी नीट वळते आणि ते उचलायचं काम सांगाड्याच्या लवचिकतेवर आणि ड्रायव्हरच्या अंगावर असतं. म्हणून सांगाडा किती कडक ठेवायचा, टायरमध्ये हवा किती भरायची, कार्ब्युरेटर कसा लावायचा हे ज्याला कळतं तो जिंकतो. भाड्याच्या कार्टवर दहा मिनिटं फिरून हे कळत नाही. त्यासाठी स्वतःची गाडी खोलावी लागते.

सेनाला हे शिकवलं लुसिओ पास्कुआल गास्कोन या स्पॅनिश मेकॅनिकनं. सगळे त्याला चे म्हणायचे. त्याच्या गॅरेजमध्ये पोरगं तासन्तास बसायचं, इंजिन उघडून बघायचं.

याच काळात एका रेसला पाऊस आला आणि सेनाचा पार बाजार उठला. त्यानंतर साओ पावलोत ढग भरून आले की हा कार्ट घेऊन ट्रॅकवर हजर. रोजच्या वाटेवर टायरचं रबर बसलेलं असतं, ओलं झालं की तीच जागा सगळ्यांत निसरडी होते. पावसात वाट सोडून बाहेरून जायचं, हे त्याला घसरून घसरून कळलं.

१९७७ ला तो दक्षिण अमेरिकेचा कार्टिंग चॅम्पियन झाला. १९७८ ला इटलीच्या डीएपी टीमकडून वर्ल्ड चॅम्पियनशिपला उतरला. १९७९ ला पोर्तुगालच्या एस्टोरिलमध्ये पीटर कोएनेशी गुण सारखे झाले, पण बरोबरी सोडवायच्या नियमात सेना दुसरा ठरला. १९८० लाही दुसराच. तीनदा फॉर्म्युला वन जिंकलेल्या या माणसाला कार्टिंगचं वर्ल्ड टायटल कधीच मिळालं नाही.

१९८१ ला इंग्लंडमध्ये फॉर्म्युला फोर्डमध्ये त्यानं धुरळा उडवला, तरी वर्षाअखेरीस रेसिंग सोडून घरी गेला. वडिलांना पोरानं धंदा सांभाळायला हवा होता. काही महिन्यांतच तो परत इंग्लंडला आला. आपल्याकडं हे किती पोरांना जमलं असतं, विचार करा. घरात कारखाना होता म्हणून परत यायचा रस्ता उघडा राहिला, हेही खरंच.

याच सुमारास त्यानं दा सिल्वा आडनाव मागं ठेवून आईचं सेना लावलं. ब्राझीलमध्ये गल्लोगल्ली सिल्वा. गडचिरोलीत मडावी म्हटलं की कुठला मडावी विचारावं लागतं, तसलाच प्रकार.

१९८४ ला मोनॅकोत धो धो पावसात टोलमनची साधी कार घेऊन तो तेराव्या नंबरावरून दुसरा आला. १९८५ ला फॉर्म्युला वनची पहिली रेस जिंकली, तीही पावसात, तीही एस्टोरिललाच. मग १९८८, १९९० आणि १९९१ ला मॅक्लारेनकडून वर्ल्ड चॅम्पियन. एकूण ४१ विजय. सगळ्यांत भारी प्रतिस्पर्धी कोण, असं १९९३ मध्ये विचारल्यावर त्यानं फॉर्म्युला वनमधल्या कोणाचंच नाव घेतलं नाही. डीएपीमधला जुना सहकारी टेरी फुलर्टनचं घेतलं. का, तर कार्टिंगमध्ये पैसा आणि राजकारण नव्हतं.

आपल्या भागातल्या पोरांना आजही हे सोपं नाही. राष्ट्रीय कार्टिंगच्या रेसेस जिथं झाल्यात तो मोहितेंचा ट्रॅक कोल्हापूरला, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला. एफएमएससीआयचं लायसन्स काढायचं, टायर-इंजिनचा खर्च, सोबत घरातलं कोणीतरी. शंकरपटाला बैलजोडी घेऊन जाणाऱ्या घरांना हा हिशोब वेगळा सांगायला नको.

डिसेंबर १९९३ मध्ये पॅरिसच्या बेर्सी स्टेडियममध्ये सेना पुन्हा कार्टमध्ये बसला, समोर जुना वैरी अ‍ॅलन प्रॉस्ट होता. पाच महिन्यांनी, १ मे १९९४ ला इटलीतल्या इमोलाच्या टांबुरेल्लो वळणावर त्याची विल्यम्स कार भिंतीवर आदळली. वय फक्त ३४. अंत्ययात्रेला साओ पावलोच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले. त्याच वर्षी बहीण व्हिव्हियान हिनं गरीब मुलांच्या शिक्षणासाठी त्याच्या नावानं संस्था सुरू केली.

आणि चिठ्ठी काढून त्यानं पहिली रेस सुरू केली, त्या इंटरलागोसच्या कार्ट ट्रॅकला आज त्याचंच नाव आहे.